‘खूप छान’ लिहून आपण निघून जातो

(दारव्हा येथे नव्याने कथा लिहिणाऱ्या तरुण-तरुणींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मित्रांनो आणि मैत्रिणींनो, सकाळपासून इथे कथा कशी लिहावी यावर बरंच बोलणं झालं. मला दिलेला विषय त्याच्या पुढचा आहे. कथा लिहून झाली, मोबाइलवर टाकून झाली. आता वाचणाऱ्याने काय करायचं, आणि वाचणारा जे बोलला त्याचं लिहिणाऱ्याने काय करायचं? विषय लहान वाटतो. गेल्या वर्षापर्यंत मलाही तो लहानच वाटत होता.

मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यावर मोबाइलवरच्या एका कथागटात शिरले. इथे बसलेले बरेच जण त्याच गटातले आहेत. पुसद, दिग्रस, उमरखेड, आर्णी, वणी अशा गावांतली ही मुलं-मुली. घरात उर्दू-हिंदी मिसळलेली बोली, बाजारात वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी. तीन भाषांत वाढलेली ही पोरं मराठीत गोष्टी लिहितात याचा मला फार आनंद आहे. आमच्या वेळी कथा पाकिटात घालून पुण्या-मुंबईला पाठवायची, सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट जोडायचं, आणि पोस्टमनची वाट बघायची. आज तसं नाही. २०१४ साली बंगळुरूत सुरू झालेल्या ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी किंवा मित्रमंडळींच्या गटात कुणाची परवानगी न घेता कथा टाकता येते. तासाभरात वाचक भेटतो. तो तारे देतो, दोन ओळी लिहितो. एवढी सोय आपल्या आधीच्या कुठल्याच पिढीला नव्हती.

गेल्या वर्षी आमच्या गटात एका मुलीने कथा टाकली. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिचं नाव, गाव मी सांगणार नाही. कथा अशी. कापसाची शेवटची वेचणी चालू आहे. वडील जिनिंगमध्ये मजुरीला जातात. घरात मुलीच्या निकाहची बोलणी सुरू आहेत आणि त्याच आठवड्यात तिची बारावीची परीक्षा आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री आई तिचं हॉलतिकीट उचलते आणि पिठाच्या डब्यात, पार तळाशी, लपवून ठेवते. सकाळी मुलगी घरभर तिकीट शोधते. आई त्याच डब्यातून पीठ काढते आणि भाकरी थापत बसते. कथा तिथे संपते.

मला कथा आवडली. पण वाचताना मी एका जागी अडकले. आईने तिकीट लपवलं ते कशासाठी? मुलीला परीक्षेला जाऊ द्यायचं नाही म्हणून, की घरातलं दुसरं कुणी ते फाडून टाकेल या धास्तीने? दोन्ही अर्थ निघत होते, आणि सगळी कथा त्याच्यावर उभी होती. हे मला त्याच वेळी दिसलं होतं. पण गॅसवर कुकर होता, पाहुणे यायचे होते. मी ‘खूप छान बेटा, लिहीत राहा’ असं लिहिलं, एक फूल टाकलं आणि फोन ठेवून दिला.

माझ्यासारख्याच इतरांनीही फुलं टाकली. ‘माशाअल्लाह’, ‘ज़बरदस्त’, ‘अप्रतिम ताई’. संध्याकाळी कुणीतरी ती कथा गटाबाहेर पाठवली. दुसऱ्या दिवशी सूर बदलला. ‘समाजाची बदनामी करायला हाच विषय सापडला का?’ ‘घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर कशाला आणता?’ आणखी एका सद्गृहस्थांनी अगदी सहानुभूतीने लिहिलं, ‘तुमच्यात मुलींचं असंच होतं ना, बिचाऱ्या!’ आणि एकाने विचारलं, ‘हे तुझ्याच घरचं आहे का?’ हा शेवटचा प्रश्न फिरत फिरत तिच्या मामूंच्या फोनवर पोचला. तिसऱ्या दिवशी तिने कथा काढून टाकली आणि ती गटातून बाहेर पडली.

मी तिला फोन केला. आम्ही बोललो ते आमच्या घरगुती बोलीत, इथे मराठीत सांगते. ती म्हणाली, “आपा, इतक्या लोकांनी लिहिलं, पण गोष्टीबद्दल कुणीच बोललं नाही.” मग मी तिला माझा प्रश्न विचारला. आईने तिकीट का लपवलं गं? ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “मला तेच ठरवता येत नव्हतं. कुणीतरी विचारेल म्हणून तर टाकली होती.”

मित्रांनो, तो प्रश्न माझ्याजवळ होता. ज्यांनी तिला टाकून बोललं त्यांचा हिशेब वेगळा. पण तिला जे हवं होतं ते माझ्या हातात होतं आणि मी ते दिलं नाही. मन राखलं असं मला वाटलं. खरं तर मी फक्त वेळ वाचवला होता. आजचं माझं बोलणं यातूनच आलं आहे.

त्या सगळ्या अभिप्रायांकडे पुन्हा बघू या. ‘खूप छान’ ही हजेरी आहे. मी आलो होतो, मला तुझ्याबद्दल आपुलकी आहे, एवढंच त्यातून कळतं. ते वाईट नाही, पण त्याने कथा एक पाऊलही पुढे जात नाही. ‘समाजाची बदनामी’ म्हणणारा माणूस कथेशी बोलतच नाही. बाहेरचे काय म्हणतील, या भीतीशी तो बोलतो. आणि ‘तुमच्यात असंच असतं’ म्हणणाऱ्याच्या मनात आपल्याबद्दल एक चित्र आधीच तयार आहे. ती आई, ती मुलगी, तो पिठाचा डबा त्याला दिसलेच नाहीत. त्याला फक्त पुरावा मिळाला.

मुसलमान घरातली माणसं मराठी कथेत आली की हे ओझं त्यांच्यावर पडतं. मराठीत कजाग सासू, दारुडा बाप, लबाड मामा असलेल्या शेकडो कथा आहेत. त्या वाचून कुणी म्हणत नाही की अमुक समाजातले सगळे मामा लबाड असतात. आपल्या कथेतल्या बापाला मात्र सगळ्या बापांचा प्रतिनिधी व्हावं लागतं. म्हणून नवा लेखक घाबरतो आणि आदर्श बाप लिहितो. वाचक खूश होतात आणि कथा मरते. हमीद दलवाई समाजसुधारक म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याच्या आधी ते कथाकार होते. ‘लाट’ हा त्यांचा कथासंग्रह १९६१चा, ‘इंधन’ ही कादंबरी १९६५ची. त्यांच्या विचारांवर तावातावाने बोलणारे, बाजूने आणि विरोधात, मला भरपूर भेटले. त्यांच्या गोष्टीतल्या माणसांवर बोलणारे फार थोडे भेटले. १९९० साली सोलापूरला फ. म. शहाजिंदे यांच्या अध्यक्षतेखाली पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. तेव्हापासून आपण म्हणत आलो आहोत की आम्हाला वाचा. ते बरोबरच आहे. पण आपण तरी एकमेकांना वाचतो का?

न वाचता मत देण्याचा मोठा अनुभव आपल्या जिल्ह्याने घेतलेला आहे. जानेवारी २०१९मध्ये यवतमाळला ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना बोलावलं होतं. इंग्रजीत लिहिणाऱ्या लेखिकेने मराठी संमेलनाचं उद्घाटन का करावं, असा आक्षेप निघाला आणि आलेलं निमंत्रण मागे घेतलं गेलं. त्यांचं भाषण लिहून तयार होतं. ते मंचावरून झालं नाही, पण लोकांनी ते नंतर मिळवून वाचलं. त्याच मंचावर उद्घाटन केलं ते याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे यांनी, शेतकरी नवऱ्याच्या आत्महत्येनंतर घर सांभाळणाऱ्या बाईने. अध्यक्ष अरुणा ढेरे यांनी निमंत्रण मागे घेणं चूक होतं असं तिथेच सांगितलं. मला त्या वादात पुन्हा शिरायचं नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की बोलणारीचा शब्द ऐकण्याआधी तिच्याबद्दलचा निकाल लागतो तेव्हा काय होतं, हे यवतमाळकरांना वेगळं समजावून सांगायला नको.

मग वाचून मत द्यायचं म्हणजे काय करायचं? मी एक जुनी गोष्ट सांगते. इस्मत चुग़ताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ साली प्रसिद्ध झाली. अश्लीलतेच्या आरोपावरून त्यांच्यावर लाहोरच्या कोर्टात खटला चालला. तिथे वकिलाने विरोधी साक्षीदारांना विचारलं की कथेतला कोणता शब्द अश्लील आहे तो दाखवा. त्यांना तो काही नेमका दाखवता आला नाही, आणि इस्मत आपा सुटल्या. कोर्टातली ही पद्धत मी घरी वापरते. कथा आवडली असो वा नसो, मी स्वतःला विचारते, बोट कुठे ठेवतेस? कोणत्या वाक्यावर? बोट ठेवायला जागा सापडली नाही तर माझं मत कथेबद्दलचं नाही, दुसऱ्या कशाबद्दलचं आहे.

ही सवय आपल्या परंपरेत नवी नाही. उर्दू शायरीत ‘इस्लाह’ म्हणजे शागिर्दाने लिहिलेलं उस्तादाने तपासून देणं. मिर्झा ग़ालिब हे काम पत्रांतून करायचे. मुन्शी हरगोपाल तफ़्ता हे त्यांचे लाडके शागिर्द. त्यांची शायरी टपालाने यायची, ग़ालिब ती तपासून परत पाठवायचे. पुढे तरुण इक़बाल यांनी आपल्या ग़ज़ला पंजाबातून हैदराबादला दाग़ देहलवींकडे टपालानेच पाठवल्या. थोड्याच काळात दाग़ यांनी कळवलं की आता यात दुरुस्तीला फारशी जागा राहिलेली नाही. म्हणजे एकमेकांचं तोंड न बघता, दूर बसून, लिखाणावर बोलणं हे मोबाइलने शोधून काढलेलं नाही. आपल्या शेजारच्या अमरावतीचे सुरेश भट यांनी हीच रीत मराठीत आणली. त्यांनी ‘गझलेची बाराखडी’ लिहिली आणि मार्गदर्शन मागणाऱ्या नवोदितांना ती टपालाने पाठवली. कथेच्या बाजूला ‘सत्यकथा’ मासिकाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक नव्या लेखकांना लांब पत्रं लिहून कथेत काय अडतं आहे ते कळवत.

पण या जुन्या व्यवस्थेत एक अडचण होती. एकच उस्ताद, एकच संपादक. त्याच्या कानाला जी भाषा ओळखीची नाही ती बाहेर राहायची. १९६९ साली तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळला. दलित पँथरच्या स्थापनेत पुढे आलेले राजा ढाले हे त्यांतले एक. त्या रागामागे हे दुःखही होतं. १९८२ साली ‘सत्यकथा’ बंद पडली. आता दारावर कुणी बसलेलं नाही, हे चांगलंच झालं. पण दारावरच्या माणसाबरोबर ते लांब पत्रही गेलं. ते पत्र लिहायचं काम आता तुमच्या-माझ्यावर आलं आहे, आणि आपण त्याच्या जागी फूल टाकतो.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवते. आधी अभिप्राय देणाऱ्यासाठी.

कथा पूर्ण वाचा. जेवता जेवता अर्धी वाचली असेल तर तसं सांगा किंवा गप्प बसा. मग वाचताना तुमचं काय झालं ते सांगा. ‘इथे मला धस्स झालं’, ‘इथे कोण बोलतंय ते कळलं नाही’, ‘इथे मी दोन परिच्छेद गाळून पुढे गेलो’. हे सांगायला मोठा समीक्षक असावं लागत नाही. आठवीतला मुलगाही हे सांगू शकतो, आणि लेखकाला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो, कारण हे सोडून बाकी सगळं त्याला स्वतःला माहीत असतं.

चांगलं काय वाटलं त्यावरही बोट ठेवा. ‘अप्रतिम’पेक्षा ‘त्याच डब्यातून पीठ काढते, तिथे माझा घास अडकला’ हे वाक्य त्या मुलीला दहापट बळ देऊन गेलं असतं. काय जमलं हे नेमकं कळलं तरच ते पुन्हा जमवता येतं.

उपाय सांगण्याची घाई करू नका. इस्लाहमध्ये उस्ताद स्वतःच शब्द बदलून द्यायचा. शेरात ते खपतं. कथेत ‘शेवटी मुलगी परीक्षेला जाते असं दाखव’ असं सांगितलं की ती तुमची कथा होते. प्रश्न विचारा आणि उत्तर लिहिणारीवर सोडा.

भाषेबद्दल जपून बोला. आमच्या गटात एका मुलाच्या कथेतला शेतमजूर ‘मले काहून सांगतं?’ असं बोलतो. एका वाचकाने ते ‘मला का सांगतोस?’ असं सुधारून दिलं. दुसऱ्याने ‘अम्मी’ आणि ‘फूफी’ या शब्दांना मराठी पर्याय सुचवले. हेतू वाईट नव्हता. पण यवतमाळच्या शेतातला माणूस पुण्याच्या भाषेत बोलायला लागला, आणि फूफीची आत्याबाई झाली, तर कथेतलं घरच पडतं. निवेदनात शुद्धलेखनाची चूक असेल तर जरूर दाखवा. मी शिक्षिका आहे, मला ती खुपतेच. पण चूक आणि बोली यांतला फरक ओळखा.

आणि ‘हे तुझ्या घरचं का?’ हा प्रश्न कधीही विचारू नका. विशेषतः मुलींना. आपल्याकडे लिहिणाऱ्या मुलीचा फोन घरातल्या चार जणांच्या हातात असतो. तुमची ती सहज चौकशी असते. तिला मात्र त्याची किंमत घरी मोजावी लागते. कथेतल्या आईबद्दल विचारा, लिहिणारीच्या आईबद्दल नाही.

आता अभिप्राय घेणाऱ्यांसाठी. हे जास्त अवघड आहे. मलाही ते नीट जमत नाही.

पहिलं, कथा टाकताना काय हवं ते सांगा. ‘शेवट पटतो का?’ असा एक प्रश्न खाली लिहा. त्या मुलीने हे केलं असतं तर कदाचित मीही फूल टाकून पळाले नसते. पण आपल्या गटात असं विचारण्याची रीतच नव्हती, म्हणून दोष तिचा नाही.

दुसरं, लगेच उत्तर देऊ नका. लाहोरमध्ये १९३९ साली ‘हल्का-ए-अरबाब-ए-ज़ौक’ नावाने लेखकांची साप्ताहिक बैठक सुरू झाली. तिथे लेखक आपलं लिखाण वाचायचा, मग बाकीचे त्यावर बोलायचे, आणि लेखकाने मध्ये पडून बचाव करायचा नाही असा शिरस्ता होता. आपणही एक दिवस गप्प राहू या. ‘मला असं म्हणायचं होतं’ हे वाक्य ओठावर आलं की समजा, ते कथेत यायचं राहिलं आहे. प्रत्येक वाचकाला फोन करून तुम्ही ते समजावू शकणार नाही.

तिसरं, सगळं ऐका, पण सगळं मानू नका. तीन माणसं एकाच जागी अडखळली तर ती जागा कच्ची आहे हे धरून चला. त्या तिघांनी सुचवलेले तीन उपाय मात्र बाजूला ठेवले तरी चालतात. कुठे दुखतं ते रोगी बरोबर सांगतो, औषध तुम्ही शोधायचं.

चौथं, अभिप्राय आणि धमकी यांत गल्लत करू नका. कथा फसली आहे, असं कडक शब्दांत सांगणारा तुमचा शत्रू नसतो. पण ‘काढून टाक, नाहीतर बघून घेऊ’ हा अभिप्राय नाही. तो सहन करणं म्हणजे मोठेपणा नाही. त्याची प्रत जपून ठेवा, विश्वासातल्या माणसांना लगेच सांगा. इथे गटाचं काम सुरू होतं. त्या मुलीवर लोक तुटून पडले तेव्हा आम्ही तीसएक जण नुसते बघत होतो. प्रत्येकाला वाटलं, दुसरा कुणी बोलेल. निदान पाच जणांनी जरी लिहिलं असतं की ‘आम्ही कथा वाचली आहे, बोलायचं तर कथेवर बोला’, तर ती एकटी पडली नसती.

शेवटी देण्याघेण्याचा हिशेब. आपल्या गटात लिहिणारे फार आणि वाचणारे थोडे झाले आहेत. त्या प्रसंगानंतर आम्ही काही जणांनी आपसात एक नियम केला. स्वतःची एक कथा टाकायची असेल तर आधी दुसऱ्यांच्या दोन कथांवर नेमकं काही लिहायचं. फुलं टाकायला बंदी नाही, पण फूल मोजलं जात नाही. सुरुवातीला लोक कुरकुरले, दोघे सोडूनही गेले. पण जे राहिले त्यांच्या लिखाणात फरक पडलेला मला दिसतो. दुसऱ्याच्या कथेत बोट ठेवायची सवय लागली की आपल्या कथेतली कच्ची जागाही दिसायला लागते.

ती मुलगी गटात परत आलेली नाही. मी आग्रहही केला नाही, तिच्या घरची परिस्थिती मला माहीत आहे. पण तिने कथा पुन्हा लिहिली आणि पाच जणांना पाठवली, मला आणि आणखी चौघांना. आईने तिकीट का लपवलं ते तिने ठरवलं आहे. काय ठरवलं ते मी इथे सांगणार नाही, कथा तिची आहे. पाचांपैकी दोघांना नवा शेवट पटला नाही. त्यांनी कुठे पटला नाही ते वाक्य दाखवून सांगितलं. तिचा निरोप आला, “आपा, दोन दिवस द्या, विचार करते.”

दुपारनंतर तुम्ही गट करून एकमेकांच्या कथा वाचणार आहात. ‘खूप छान’ हे दोन शब्द आज संध्याकाळपर्यंत बाजूला ठेवा. समोरच्याची कथा घ्या, बोट ठेवा आणि बोला.